आईंचा षड्ज

“आई, थांबा जरा. षड्ज चढा लागतोय.”

सासूबाईंनी डोळे उघडले. रविवारची सकाळ होती. खिडकीपाशी सतरंजी अंथरून त्या गायला बसल्या होत्या आणि मी समोर पेटी घेऊन बसलो होतो. तंबोरा वाजत होता तो माझ्या लॅपटॉपमधून. त्यांनी मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सा लावला. भरीव, मोकळा सा. पण मला तो तंबोऱ्यात मिसळताना ऐकू येत नव्हता. मी पुन्हा हात वर केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता तंबोरा ऐकत बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “आज राहू द्या यतीनराव. घसा बरा नाही बहुतेक.”

माझी बायको वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात कणकेने भरलेले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहत होतो. मी दूध संघांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो. कुठल्या गावातून किती दूध आलं, त्याला फॅट किती लागलं, असल्या हिशेबांचे प्रोग्रॅम मी दिवसभर लिहायचो. ते काम मला आवडायचं. पण माझं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते घर जागं व्हायच्या आधीच्या तासाभरात आणि रविवारच्या फटींमध्ये चालायचं. पेटीवर चाली बांधायच्या आणि गाण्याशी संबंधित काही ना काही प्रोग्रॅम लिहायचे. कशाचाच कुणाला उपयोग नसायचा. वृषाली शाळेत गणित शिकवायची, मुलगी सानिका प्राथमिक शाळेत होती. आमच्याकडे वेळ हा नळाच्या पाण्यासारखा होता. यायचा तेव्हा जमेल तेवढा भरून घ्यायचा.

सासरे गेल्यावर सासूबाई धुळ्याचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं नाव इंदुमती, मी त्यांना आईच म्हणायचो. लग्नाआधी त्या बरीच वर्षं गाणं शिकल्या होत्या, लहानसहान बैठकीही केल्या होत्या. पुढे संसारात ते मागे पडलं. सामानात त्यांनी आपला तंबोरा मात्र जपून आणला होता. पण संधिवाताने बोटं अशी आखडली होती की खुंटी पिळणं त्यांना जमेना. मी बाजारातून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा आणून दिला. त्यांनी तो कौतुकाने लावला आणि दोन दिवसांनी पुसून, पिशवीत घालून ठेवला. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, “छानच आहे हो. पण तो आपल्याशी बोलत नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी एका जाणकाराला घरी बोलावून त्यांचाच तंबोरा जुळवून घेतला, तारा गुंजाव्यात म्हणून जवारी नीट काढून घेतली आणि एकेका तारेचे शेकडो झंकार रेकॉर्ड केले. मग प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो ते झंकार निवडून, एकात एक मिसळत वाजवायचा आणि तोच झंकार लागोपाठ कधी घ्यायचा नाही. माणसाचं बोट जसं कधी हलकं पडतं, कधी रेंगाळतं, तसं ते व्हायला हवं होतं. त्यात माझा एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. पहिल्यांदा लावून दाखवला तेव्हा आईंनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात गवसणीत उभ्या असलेल्या तंबोऱ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्या रोज गाऊ लागल्या.

पुढे ही गोष्ट त्यांच्या भजनाच्या मैत्रिणींमधून एका संगीत मंडळापर्यंत गेली. मंडळाने वसंतातल्या कार्यक्रमात दुपारच्या सत्रात त्यांना गायला बोलावलं. वृषालीच्या जन्मानंतर त्या मंचावर बसल्याच नव्हत्या. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी होकार दिला. तंबोरा माझा असेल आणि पेटीला मी बसेन, ही अट घालून. भीमपलास गायचं ठरलं. त्याच तयारीसाठी आम्ही त्या रविवारी बसलो होतो.

त्याच सुमाराला माझ्या कानाला दडे बसले होते. घाटातून गाडी वर चढताना बसतात तसे. सर्दी असेल, ऑफिसातल्या एसीमुळे असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची होती, सगळे दूध संघ एकाच दिवशी तिच्यावर जायचे होते आणि तो दिवस जवळ आला होता. कानाबिनाकडे बघायला फुरसत नव्हती.

आई मात्र बदलल्या. आधी त्या खोलीचं दार लावून गाऊ लागल्या. मग हळू आवाजात. मधे मी त्यांना आणखी एकदा टोकलं, अगदी नम्रपणे, पण टोकलं. त्यानंतर त्यांनी लॅपटॉप मागितलाच नाही. मला वाटलं, कार्यक्रमाआधी गळ्याला विश्रांती देत असतील.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा वृषाली जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. मान वर न करता तिने सांगितलं, की आईने मंडळाला फोन करून नाही म्हणून कळवलंय.

“का?”

“वय झालं म्हणते. म्हणते, माझा कान गेला. यतीनराव सांगतात म्हणून तरी कळलं, नाहीतर चारचौघांत हसं झालं असतं.” मग तिने पेन खाली ठेवलं. “यतीन, मला गाण्यातलं कळत नाही. पण मला आईचं गाणं कुठेच बिघडलेलं वाटत नाही. तू नक्की काय ऐकतोस?”

मी काय ऐकत होतो ते मलाही नीट सांगता येईना. दोन षड्ज एकमेकांना घासतायत असं काहीतरी. बोलता बोलता माझ्या मनात आलं, की दोष आईंच्या गळ्यात नसेलच. माझ्या प्रोग्रॅममध्ये असेल. मधल्या जोडीची एक तार किंचित हलली असेल आणि बिचाऱ्या आई तिच्यामागे जात असतील. या विचाराने मला हुरूपच आला. प्रोग्रॅममधली चूक शोधणं हे माझं रोजचं काम होतं. चूक सापडली की दुरुस्त होते. म्हातारपणाचं तसं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळीच लॅपटॉप उघडून बसलो. एकेका तारेची कंपनं मोजली. सगळे आकडे जागच्या जागी. मग तीन तारा बंद करून एकच वाजवली, आणि मी चक्रावलो. एकाच तारेतून मला दोन सूर ऐकू येत होते. एक तार स्वतःशीच बेसूर कशी होईल? मग मी स्पीकरवर संशय घेतला आणि हेडफोन लावला. एक एक बाजू ऐकली. उजवीकडे स्वच्छ षड्ज. डावीकडे त्याहून किंचित चढा, आणि कुणी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गावं तसा.

सापडलं एकदाचं, असं मला वाटलं. हेडफोनची डावी बाजू बिघडली होती. स्पीकरवरही तसंच ऐकू येत होतं, ही गोष्ट त्या आनंदात मी सोयीस्कर विसरलो. वृषाली पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला मी सांगितलं, की हेडफोन गेलाय, नवा घ्यावा लागणार.

“उलटा घालून बघितलास का?” ती म्हणाली.

ती सहज म्हणाली. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की त्याला उलटा ताळा करायला लावते, तसं. मी हेडफोन काढला, फिरवला आणि उजवी बाजू डाव्या कानावर ठेवली. हेडफोनमध्ये दोष असता, तर तो आता उजव्या कानात जायला हवा होता. तो गेला नाही. चढा, पत्र्याचा षड्ज डाव्या कानातच होता.

मी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. हेडफोन काढून मी फ्रिजच्या गुणगुणीकडे लक्ष दिलं. उजवा कान बोटाने बंद केल्यावर ती जवळजवळ नाहीशीच झाली. वृषालीने हातातली घडी खाली ठेवली. माझ्याकडे बघून ती उठली, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि माझा उजवा कान तळहाताने झाकून काहीतरी कुजबुजली. मला फक्त तिचा श्वास जाणवला.

“काय म्हणालीस?”

तिने सांगितलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. “आठवडाभर मी हाका मारतेय आणि तू ओ देत नाहीस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, नेहमीसारखा तुझ्या प्रोग्रॅममध्ये हरवला असशील.”

सुट्टीचा दिवस होता, पण ओळखीतून एका कानाच्या डॉक्टरांनी लगेच बोलावलं. डॉक्टर तस्नीम बोहरी. पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून तपासणी करवून घेतली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी इतका वेळ बटण दाबायचा प्रसंगच येईना, की यंत्र बंद पडलंय का असं विचारायची मला इच्छा झाली. बाहेर काचेपलीकडे वृषाली उभी होती. ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आतल्या कानाची ऐकण्याची ताकद कधी कधी अशी अचानक उतरते. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. खालच्या पट्टीतले आवाज जास्त गेले होते आणि जे उरले होते ते डावा कान चढे करून ऐकत होता, म्हणून एका सुराचे दोन. हेडफोनमुळे झालं का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. परत येईल का, असं वृषालीने विचारलं.

“काहींचं पूर्ण येतं, काहींचं थोडं, काहींचं येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “औषध लवकर सुरू झालं तर आशा जास्त. यांनी थोडा उशीर केलाय. फार नाही. गोळ्या आजच सुरू करा आणि काही दिवस पूर्ण विश्रांती.”

रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की यापुढे प्रत्येक सूर मला दोनदा ऐकू आला तर मी काय करणार. डोळा अधू झाला तर चष्मा असतो. दोन षड्जांना चष्मा कुठून आणायचा? पेटी विकून टाकावी, प्रोग्रॅम पुसून टाकावा, इथपर्यंत मी मनाने पोचलो होतो.

घरी आई सानिकाला घेऊन बसल्या होत्या. वृषालीने सगळं सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्यांची वेळ विचारली, पथ्य विचारलं. मग अगदी चाचरत त्यांनी मला विचारलं, “म्हणजे यतीनराव, त्या दिवशी माझा सा...?”

“जागेवर होता, आई. पहिल्यापासून जागेवर होता. बिघडला होता तो माझा कान.”

त्यांचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर, पण लहान मुलीला हरवलेली बाहुली सापडावी तसा. आणि लगेच, आपण कशावर आनंदलो हे लक्षात येऊन, त्यांनी पदर तोंडावर घेतला. “देवा, मी काय विचारलं हे,” असं पुटपुटत त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसून रडत होत्या. जावयाचा कान गेला आणि मला हायसं वाटलं, म्हणाल्या. कसली बाई मी.

मी त्यांच्याजवळ बसलो. तुम्हाला काय सांगू, त्या घरात त्या दिवशी एकाला तरी हायसं वाटलं याचा मला आधारच झाला. दुपारपासून मी ज्याच्या त्याच्या तोंडावर नुसती काळजी पाहिली होती. मी म्हटलं, मंडळाला परत फोन करा आणि गाते म्हणून सांगा. त्या ऐकेनात. तुमचा कान बरा झाल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, म्हणाल्या.

“माझ्या कानाची वाट बघू नका, आई,” मी म्हणालो. “तो येईल की नाही ते कुणालाच माहीत नाही. तुमचं गाणं आलेलं आहे. आता तेही घालवलंत, तर मला दोन गोष्टींचं दुःख करावं लागेल.”

त्या डोळे पुसून म्हणाल्या, “पण पेटीला कोण?”

पेटीला मंडळाने दुसरे गृहस्थ दिले. ऑफिसात मी फोन केला तेव्हा मला वाटलं होतं, ऐन वेळी रजा मागतोय म्हणून माझे वरिष्ठ देवरेसाहेब भडकतील. पण ते म्हणाले, दूध संघांनी इतकी वर्षं जुन्या आवृत्तीवर काढली, अजून थोडे दिवस काढतील, तू आधी कान बघ. आणि मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की मला काहीच करायचं नव्हतं. लॅपटॉप बंद, पेटी बंद. मी सानिकाला शाळेत सोडायचो, भाजी निवडायचो, गॅलरीत बसायचो. रोज सकाळी उठल्यावर आधी उजवा कान झाकायचा आणि जगाचा अंदाज घ्यायचा. कधी कालच्यापेक्षा बरं वाटायचं, कधी वाईट. मधे गोळ्यांच्या जोडीला कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही झाली. मी कुणाला फारसं सांगत नव्हतो आणि घरातही कुणी विचारत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सर्वांत मागच्या रांगेत बसलो. मंचावर पेटीवाले गृहस्थ, तबलजी, आणि मधे आई, मोरपिशी साडीत. त्यांच्यामागे लॅपटॉप एका पाटावर ठेवून वर शाल पांघरली होती. तंबोरा सुरू झाला. मी डाव्या कानात बोट घातलं आणि उजव्या कानाने ऐकू लागलो. एका कानाने ऐकताना सभागृह सपाट वाटतं, आवाज कुठून येतोय ते कळत नाही. पण आईंचा षड्ज आला तो तंबोऱ्यात असा विरला, की क्षणभर त्या गातायत की तारच गातेय हे कळेना. पुढे भीमपलास उलगडत गेला. आवाजात वय होतं, कुठे कुठे दम अपुरा पडत होता, पण सूर हलला नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नकळत हात वर करून दाद दिली. मी कानात बोट घालून बसलेलो पाहून शेजारच्या बाई मात्र रागावल्या असाव्यात. त्यांनी दोन-तीनदा माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना काय सांगणार?

कान हळूहळू आला. असा एक क्षण नाही सांगता येणार. पत्र्याचा आवाज आधी लाकडाचा झाला, मग माणसाचा. घासणारे दोन सूर जवळ येत गेले. एका सकाळी खाली मेथीवाल्याने आरोळी दिली आणि ती मला एकच ऐकू आली. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन थांबलो, त्याने पुन्हा ओरडावं म्हणून. त्याला वाटलं भाजी हवीय. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

तरी शेवटच्या तपासणीला वृषालीबरोबर जाताना मी वाटेत दोनदा उजवा कान झाकून पाहिला. पुन्हा ती बंद खोली, पुन्हा ते बटण. या वेळी अंगठा सारखा चालत होता. डॉक्टर बोहरींनी आलेख समोर ठेवला आणि पहिल्यांदाच हसल्या. डावी रेघ उजवीच्या जवळजवळ बरोबरीने गेली होती. वरच्या टोकाला थोडी कसर राहिली होती. तेवढी राहील, पण त्रास होणार नाही, म्हणाल्या.

मी त्यांना जे इतके दिवस मनात होतं ते विचारलं. ही पेटी, हे प्रोग्रॅम, हे सगळं आता कमी करावं का? नोकरी आणि घर सांभाळून हे जास्त होतंय का?

“कमी?” त्या म्हणाल्या. “अहो, माझ्याकडे लोक महिना-दीड महिन्याने येतात. दडे बसले म्हणून तेल घालत बसतात. तोवर हातातली वेळ गेलेली असते. एका सुराचे दोन झाले हे तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही वेळेत आलात. तुमचा कान त्या तंबोऱ्याने वाचवलाय. झोप नीट घ्या, बाकी चालू द्या.”

आम्ही बाहेर पडलो. दुपारची वेळ, रस्त्यावर गर्दी, हॉर्न, कुठेतरी बांधकामाची खडखड. सगळं दोन्ही कानांनी आत येत होतं आणि मला त्यातलं काहीही नकोसं वाटत नव्हतं. उसाच्या रसाच्या गाड्यावर आम्ही थांबलो. रस संपल्यावर पेला ठेवून वृषाली माझ्या मागून फिरून पलीकडे आली, माझ्या डाव्या हाताला, आणि चालू लागली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस ती सतत माझ्या उजवीकडे होती. रिक्षात, जेवताना, रस्त्यावर, रात्री झोपतानाही. तिने पलंगावरची बाजू बदलली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. मला एकदाही ‘काय म्हणालीस’ असं विचारावं लागू नये, म्हणून.

थोडं पुढे गेल्यावर ती अगदी हळू, जेमतेम ओठ हलवत म्हणाली, “संध्याकाळी दूध आणायचंय.”

“आणतो,” मी म्हणालो.

ती जागच्या जागी थांबली, आणि त्या भर रस्त्यात दोन्ही हातांत तोंड झाकून हसत-रडत राहिली.